जालन्यात बसून जर्मनीला मागे टाका

आरोग्यावर कोणता देश किती खर्च करतो याची तुलना फक्त तज्ज्ञांनीच करावी, असा एक समज आहे. तो तज्ज्ञांनीच पसरवलाय. खरं तर जालन्याच्या मामा चौकातल्या टपरीवर बसून, कपातला चहा निवायच्या आत, आपण युरोपच्या तोडीस तोड आहोत किंवा पार रसातळाला गेलो आहोत, यातलं हवं ते कुणालाही सिद्ध करता येतं. त्यासाठी लागतो एक मोबाइल, त्यातला कॅल्क्युलेटर आणि ‘हा कोणत्या वर्षाचा आकडा?’ असं कुणी विचारलं तर पापणी न हलवण्याची सवय.

हे धडे नवशिक्यांसाठी आहेत. वाहिनीवर पहिल्यांदाच बसणारे प्रवक्ते, निबंधात आकडे पेरायला सांगितलेले एमपीएससीचे विद्यार्थी आणि लग्नाच्या पंगतीत ‘युरोपात बघा’ अशी सुरुवात करणारे काका, तिघांनाही ते सारखेच उपयोगी पडतील. अर्थशास्त्र शिकलेल्यांनी वाचू नयेत. त्यांना हे सगळं येतंच, फक्त कबूल करायला संकोच वाटतो.

१. आधी उत्तर ठरवा

आधी आकडे पाहायचे आणि मग मत बनवायचं, ही सवय पहिल्याच दिवशी मोडा. मत घरूनच घेऊन निघावं. आकडे वाटेत मिळतात, तेही फुकट. केंद्र सरकार ‘राष्ट्रीय आरोग्य लेखा’ नावाची पुस्तिका काढतं, त्यात सगळ्यांची सोय आहे.

सत्तेच्या बाजूचे असाल तर हे पाठ करा: देशाच्या एकूण आरोग्यखर्चात सरकारचा वाटा २००४-०५ मध्ये २२.५ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ४८ टक्क्यांवर गेला. विरोधातले असाल तर हे: देशाचा एकूण आरोग्यखर्च २००४-०५ मध्ये सकल देशांतर्गत उत्पादनाच्या, म्हणजे जीडीपीच्या, ४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३.८३ टक्क्यांवर उतरला. दोन्ही वाक्यं खरी आहेत आणि दोन्ही एकाच मालिकेतल्या पुस्तिकांमधली आहेत. उद्या बाजू बदलायची वेळ आली तर नव्याने काही पाठ करायला नको.

जर्मनी तेव्हा जीडीपीच्या १२ टक्क्यांच्या वर होता. घाबरू नका, पुढे चला.

२. छेदाकडे लक्ष द्या

टक्केवारीला वर अंश असतो आणि खाली छेद. नवशिके बिचारे अंशामागे धावतात: डॉक्टर भरा, औषधं पुरवा, उपकेंद्राला कुलूप असेल तर ते उघडा. याला पैसे लागतात आणि वेळही. मुरलेला माणूस छेदाला हात घालतो.

आयर्लंडचं उदाहरण घ्या. बड्या परदेशी कंपन्यांनी आपले पेटंट आणि तत्सम मालमत्ता कागदोपत्री तिथे हलवली आणि २०१५ या एका वर्षात त्या देशाचा जीडीपी जवळजवळ पाव पटीने फुगला. डब्लिनच्या दवाखान्यातली एक खाट हलली नाही, एक नर्स कमी झाली नाही, पण जीडीपीशी आरोग्यखर्चाचं प्रमाण मात्र धाडकन खाली आलं. शेवटी तिथल्या सांख्यिकी खात्याला हा फुगवटा वगळून उत्पन्नाचं वेगळंच माप तयार करावं लागलं. ग्रीसचं नेमकं उलट. २००८ नंतरच्या मंदीत त्यांची अर्थव्यवस्था सुमारे पावपट आकसली. दवाखान्यांचा पैसाही निर्दयपणे कापला गेला, पण खालचा आकडाही सोबत घसरत असल्यामुळे टक्केवारीत ती कापाकापी पुरती दिसलीच नाही.

आपल्याकडे हे तंत्र निसर्गच राबवतो. २०१२-१३ च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. उत्पन्न आटलं आणि खर्च तेवढाच राहिला, की प्रमाण आपसूक वाढतं, पॅरासिटामॉलची एक गोळी जादा न वाटता. म्हणून तुलनेसाठी वर्ष निवडताना हवामान खात्याचा तक्ता जवळ ठेवा. आरोग्य सुधारलंय असं दाखवायचं असेल तर पाऊस न पडलेलं वर्ष घ्या.

३. आरोग्य म्हणजे काय, हे स्वतः ठरवा

इथे खरी कला आहे, म्हणून जरा थांबू या.

१ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्रीय अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी ‘आरोग्य आणि कल्याण’ यासाठी २,२३,८४६ कोटी रुपयांची तरतूद जाहीर केली. आदल्या वर्षीच्या ९४,४५२ कोटींवरून थेट १३७ टक्के वाढ. बाकं वाजली. आता ती रक्कम उघडून बघा. आरोग्य व कुटुंबकल्याण विभागाचे त्यात ७१,२६९ कोटी. कोविडच्या लसीचे ३५,००० कोटी. आणि पेयजल व स्वच्छता विभागाचे ६०,०३० कोटी, वर वित्त आयोगाने पाणी आणि स्वच्छतेसाठी दिलेले ३६,०२२ कोटी. म्हणजे आरोग्याच्या रकमेत आरोग्य विभागापेक्षा नळ आणि संडास यांचाच वाटा मोठा निघाला.

हसू नका, शिका. स्वच्छ पाण्याने रोग टळतात, हे कोण नाकारेल? बोट ठेवायला जागाच नाही. मग हाच नियम जालन्याला लावा. आपलं शहर पाण्यासाठी पैठणच्या जायकवाडी धरणाकडे डोळे लावून बसतं आणि उन्हाळ्यात गावोगाव टँकर फिरतात. प्रत्येक टँकर, त्याचं डिझेल, टँकरच्या फेऱ्या लिहायची वही, सगळं आरोग्यात धरा. पाणीटंचाई जेवढी तीव्र, तेवढा जिल्हा आरोग्यावर जास्त खर्च करणारा. जर्मनीला ही सोय नाही, त्यांच्याकडे टँकरच नाहीत.

युरोपवाले या बाबतीत साधे आहेत असंही समजू नका. ब्रिटनने गेल्या दशकात हिशेबाची नवी आंतरराष्ट्रीय पद्धत घेतली. तिच्यात वृद्धांच्या दीर्घकालीन शुश्रूषेचा बराच खर्च आरोग्यात धरला जातो. देशाचा आरोग्यखर्च कागदावर जीडीपीच्या एका टक्क्याहून अधिक वाढला. वॉर्डातल्या पेशंटला त्या दिवशी काही वेगळं जाणवलं असेल असं वाटत नाही.

४. रुपयाला परदेशी पाठवा

आता शीर्षकात दिलेलं वचन पाळतो. कॅल्क्युलेटर काढा.

२०२१-२२ मध्ये आपल्या सगळ्या सरकारांनी मिळून माणशी ३,१६९ रुपये आरोग्यावर खर्च केले. दिवसाला पावणेनऊ रुपये. हा आकडा असाच्या असा चारचौघांत काढू नका, वाईट दिसतो. बाजारभावाने त्याचे ४०-४५ डॉलर होतात, तेही वाईट दिसतं. म्हणून ‘क्रयशक्ती समानता’ हा शब्द पाठ करा. त्याचा अर्थ एवढाच, की इथे स्वस्ताई आहे म्हणून इथला रुपया जास्त मोलाचा धरायचा. २०१७ च्या आंतरराष्ट्रीय मोजणीत बाजारात डॉलर ६५ रुपयांना होता, क्रयशक्तीने मात्र तो २०.६५ रुपयांचाच भरला. त्या भावाने आपले दीडशेच्या वर डॉलर झाले. बसल्या जागी साडेतीन पट. (एमआरआयचं मशीन जर्मनीहून येतं तेव्हा कंपनी बाजारभावानेच पैसे मागते, क्रयशक्ती वगैरे ऐकत नाही. हे चर्चेत आणू नये.)

तरीही दीडशेने जर्मनी हरत नाही. तिथे दुसरं हत्यार काढायचं. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत राज्यातल्या प्रत्येक कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं कवच आहे. कवच म्हणजे खर्च नव्हे, हे मला माहीत आहे आणि तुम्हालाही. पण समोरच्याला सांगितल्याशिवाय कसं कळणार? कुटुंबात पाच माणसं धरा: माणशी एक लाख. त्याला २०.६५ ने भागा: ४,८४२ डॉलर. याच मापाने २०१८ मध्ये ब्रिटनचा खर्च माणशी सुमारे ४,०७० डॉलर होता. ब्रिटन गेलं! जर्मनीचा जवळजवळ ६,००० होता. थोडक्यात हुकतोय? नाराज होऊ नका. कुटुंबात चारच माणसं धरा. माणशी सव्वा लाख, म्हणजे ६,०५३ डॉलर. जर्मनी मागे पडला. कुटुंबनियोजनाचा हा फायदा आपल्या पोस्टरवर कुणी छापला नव्हता.

५. सरासरी गाठता येत नसेल तर सोबत बदला

जानेवारी २००० मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी टीव्हीवरच्या मुलाखतीत सांगून टाकलं, की आम्ही आरोग्यखर्च युरोपीय संघाच्या सरासरीपर्यंत नेऊ. पुढचा बराच काळ त्यांच्याकडचे पंडित भांडत होते: सरासरी कोणती? सगळे देश सारखे धरून, की मोठ्या देशाला जास्त वजन देऊन? आणि आपण पळत असताना सरासरीही पुढे पळाली तर? मग १ मे २००४ ला संघात दहा नवे देश आले. त्यातले बहुतेक खर्चाने हलके. काहीही न करता सरासरी खाली वाकली.

मुद्दा टिपून घ्या. महाराष्ट्राच्या सरासरीत पुणे-मुंबई बसलेले आहेत, तिकडे जालन्याला नेऊच नका. मराठवाड्याची सरासरी काढा, श्वास मोकळा होतो. तीही जड गेली तर ‘दुष्काळी तालुके असलेले जिल्हे’ अशी बिरादरी तयार करा.

बरं, दीर्घ काळातली तुलना हवी असेल तर जालन्यासारखा जिल्हा शोधून सापडायचा नाही. ब्रिटनमध्ये ५ जुलै १९४८ ला सर्वांना मोफत उपचार देणारी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली, तेव्हा जालना अजून निजामाच्या राज्यात होतं. हैदराबाद राज्य, मग १९५६ ला द्विभाषिक मुंबई, मग १९६० ला महाराष्ट्र, आणि १ मे १९८१ पर्यंत औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर, जिल्ह्याचा भाग. नवा जिल्हा झाला तेव्हा परतूर परभणीकडून आलं. त्यामुळे १९८१ च्या आधी ‘जालना जिल्ह्याचा खर्च’ शून्य होता आणि नंतर तो अनंतपटींनी वाढला, हे विधान न्यायालयातही टिकेल. कुणी नाक मुरडलं तर जर्मनी दाखवा. १९९० च्या आधीचे जर्मनीचे म्हणून दिले जाणारे आकडे बहुतेक ठिकाणी एकट्या पश्चिम जर्मनीचेच असतात.

६. आपली तरतूद, त्यांचा खर्च

अर्थसंकल्पात तीन रकाने असतात: तरतूद, सुधारित अंदाज, प्रत्यक्ष खर्च. तिन्ही एकाच कामाचे असले तरी आपसात त्यांची ओळख असेलच असं नाही. नियम सोपा आहे. आपल्या बाजूला तरतूद लिहा, युरोपच्या बाजूला प्रत्यक्ष खर्च. तरतूद मार्चमध्ये जाहीर होते, निधी सरकत-सरकत येतो, आणि पुढच्या मार्चच्या शेवटच्या आठवड्यात बिलं पास करून घ्यायला कोषागारात जी गर्दी होते, ती बघून कुणालाही वाटावं की या जिल्ह्यात औषधं एका आठवड्यातच लागतात.

एकच रक्कम अनेकदा मोजायलाही लाजू नका. राष्ट्रीय आरोग्य अभियानाचे पैसे दिल्लीने दिले म्हणून एकदा, मुंबईने पुढे पाठवले म्हणून दुसऱ्यांदा, जिल्हा परिषदेने प्राथमिक आरोग्य केंद्रावर घातले म्हणून तिसऱ्यांदा. राष्ट्रीय लेख्याचे लोक असं होऊ नये म्हणून डोळ्यांत तेल घालून बसतात. तुमच्यावर तशी सक्ती नाही.

इमारतीही धरा. युरोपचे तक्ते बहुधा फक्त चालू खर्चाचे असतात, बांधकाम-यंत्रं वेगळी ठेवतात. आपल्या ३.८३ टक्क्यांत भांडवली खर्च मिसळलेला आहे, जवळजवळ आठवा हिस्सा. तो काढला तर साडेतीनच्याही खाली येतो, म्हणून काढू नका. शिवाय इमारत फोटोत येते. जालन्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते दूरदृश्य प्रणालीने झालं, राज्यातल्या इतर नऊ महाविद्यालयांबरोबर. आता तिथले विद्यार्थी डॉक्टर होऊन भोकरदनला राहायला जातील की नाही, हा पुढच्या आवृत्तीतला धडा आहे.

७. जो दवाखान्यात गेलाच नाही, त्याला विसरू नका

हा धडा सर्वांत महत्त्वाचा. मोबाइल खाली ठेवा.

आपली जुनी बदनामी अशी, की भारतात आजारपणाचा निम्म्याहून जास्त खर्च लोक स्वतःच्या खिशातून करतात. २०१३-१४ मध्ये हा वाटा ६४.२ टक्के होता. २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. युरोपशी तुलना करताना हा आलेख सर्वांत आधी दाखवावा, कारण तो इतका सुंदर उतरतो.

खिशातला खर्च कमी करण्याचे मार्ग दोन. पहिला असा, की सरकारने जास्त पैसे घालावेत. त्यातलं काही झालंही आहे: विमा योजना आल्या, आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केस पेपरचेही पैसे घेत नाहीत. दुसरा मार्ग बिनखर्ची आहे. माणसाने दवाखान्यात जाऊच नये.

हे आकडे येतात ते राष्ट्रीय नमुना पाहणीतून. पाहणी करणारा घरी येऊन विचारतो: गेल्या पंधरा दिवसांत कुणी आजारी होतं? गेल्या वर्षभरात कुणाला भरती केलं? किती खर्च आला? २०१४ च्या पाहणीत ग्रामीण भागातल्या ८.९ टक्के लोकांनी पंधरा दिवसांत आजारी होतो असं सांगितलं. २०१७-१८ मध्ये ६.८ टक्क्यांनी. आता, तीन-चार वर्षांत देश खरंच ठणठणीत झाला, की लोकांनी अंगावर काढायला सुरुवात केली, याचं उत्तर अर्थतज्ज्ञ शोधत असतात. तुम्ही शोधू नका. घनसावंगीकडचा ऊसतोड करणारा गडी कंबरेला कपडा बांधून ट्रॅक्टरवर चढला आणि ‘काही नाही, जरा भरून आलंय’ म्हणाला, की पाहणीत तो निरोगी आहे आणि त्याचा खिशातला खर्च शून्य. शून्यापेक्षा चांगला आकडा जर्मनीतसुद्धा नाही.

आणखी एक सोय आहे. २०१७-१८ ची ती पाहणीच पुढच्या वर्षांसाठी वाढवून-वाढवून वापरली गेली. म्हणजे २०२१ च्या एप्रिलमध्ये, कोविडच्या लाटेत, रेमडेसिविरच्या एका कुपीसाठी जालना ते संभाजीनगर मेडिकलची दारं ठोठावणाऱ्यांना ‘किती गेले?’ असं विचारून २०२१-२२ चा हिशेब मांडलेला नाही. त्यांची उत्तरं चार वर्षांपूर्वीच घेऊन ठेवली होती. त्या काळात राज्याचं आरोग्य खातं आपल्याच जिल्ह्याच्या राजेश टोपेंकडे होतं आणि रोज संध्याकाळी टीव्हीवर रुग्णांचे, खाटांचे, ऑक्सिजनचे आकडे मिळत. डिपॉझिट भरायला कुणी म्हैस विकली, कुणी बिशी मोडली, याचा रकाना त्यात नव्हता. असता तर छापायला मोठा कागद लागला असता.

८. कुणी फारच खोलात शिरलं तर

‘मग तिकडे माणूस जास्त का जगतो?’ असा आगाऊ प्रश्न आला, तर अमेरिका काढा. अमेरिका जीडीपीच्या सोळा-सतरा टक्के आरोग्यावर उधळते आणि तरी तिथलं सरासरी आयुर्मान पश्चिम युरोपपेक्षा कमी आहे. ‘खर्चाने काही होत नाही साहेब’, असं म्हणून चहाचे पैसे समोरच्याला देऊ द्या. (हाच सिद्धांत स्वतःच्या वडिलांना अॅडमिट करताना मात्र आठवू नये.)

सरावासाठी प्रश्नपत्रिका

वेळ दहा मिनिटं. चुकीच्या उत्तराला गुण वजा होतील.

मंठा तालुक्यातल्या एका घरात सासऱ्यांना लकवा मारला. तालुक्याच्या दवाखान्यातून जालन्याला आणि तिथून ‘संभाजीनगरच्या सरकारी दवाखान्यात, घाटीला न्या’ म्हणून चिठ्ठी मिळाली. पुढीलपैकी कोणता खर्च देशाच्या आरोग्यखर्चात मोजला जाईल?

(अ) बाहेरच्या मेडिकलवरून आणलेली इंजेक्शनं.

(ब) गाडीभाड्यासाठी आणि औषधांसाठी घेतलेल्या हातउसन्या पैशांवर पुढे चढलेलं व्याज.

(क) घाटीच्या व्हरांड्यात पेशंटपाशी थांबलेल्या मुलाचं जेवण आणि त्याची बुडालेली रोजंदारी.

(ड) घरी आणल्यावर सासऱ्यांना रोज उठवणं, पुसणं, भरवणं, कूस बदलणं, हे सगळं करणाऱ्या सुनेचं काम.

सूचना: फक्त (अ) ला गुण आहेत. जर्मनीत दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा १९९५ पासून आहे, घरच्या माणसाने केलेल्या सेवेपोटी त्यातून रोख भत्ता मिळतो आणि तो हिशेबात धरला जातो. त्यामुळे जर्मन परीक्षार्थींनी (ड) लिहिल्यास त्यांना पूर्ण गुण द्यावेत. मंठ्याच्या परीक्षार्थींनी तो पर्याय कोरा सोडावा.